सर्वानुमते

३ जानेवारी

आजवर मी बिलं लिहिली, वाण्याच्या याद्या लिहिल्या. वही अशी ही पहिलीच. इतिहास लिहायचा तर हात वळायला हवा, म्हणून रोज काहीतरी खरडत जा, असं अध्यक्षांनी सांगितलंय. तर हे खरडणं.

काल दुपारी व्यापारी मंडळाचे अध्यक्ष दुकानात आले. चौकातलं रंगाचं मोठं दुकान त्यांचं. ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त, म्हणून मी भाऊजी म्हणते. काउंटरवर कोपर टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, मंडळाला पंचाहत्तर वर्षं होतायत. पुस्तक काढायचंय. इतिहास तुम्ही लिहायचा."

मी म्हटलं, "मी? अहो, मी बटणं विकते."

"तुमच्या सासऱ्यांनी मंडळ उभं केलं. तुमची आठवण अशी, तुमचं अक्षर असं. दुसरं कोण आहे सांगा बरं गावात?"

खरंच दुसरं कोणी नाही. मी मनातल्या मनात यादी करून पाहिली. सगळे एकतर म्हातारे झालेत नाहीतर अडाणी आहेत.

"फक्त एक," भाऊजी म्हणाले. "इतिहास लिहिणारा माणूस कार्यकारिणीत नसलेला बरा. उद्या कुणी बोट दाखवायला नको." हे गेल्यापासून त्यांच्या जागेवर कार्यकारिणीत मी बसते. पण भाऊजींचं म्हणणं पटलं. तिथेच बिलबुकातला कागद फाडून राजीनामा लिहून दिला.

सून दोऱ्याची रिळं लावत होती. भाऊजी गेल्यावर म्हणाली, "आई, लगेच कशाला दिलात? एक दिवस थांबायचं तरी. ते तुम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत."

हिला कुणी काही विचारलं नाही ना, त्याचा राग. मी ओळखून आहे. रात्री मुलाला सांगितलं. तो भाऊजींच्याच दुकानात मॅनेजर आहे. "हो, म्हणाले मला," एवढंच म्हणाला आणि जेवत राहिला.

९ जानेवारी

पाच दिवस मंडळाच्या सभागृहात बसून जुनी इतिवृत्तं चाळतेय. पहिलं वाक्य सुचत नाही. बसते, उठते, खिडकी उघडते, धूळ येते म्हणून लावते. चिटणीस म्हणाले, "वहिनी, फरशी झिजेल." त्यांचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. माणूस सरळ, पण तोंडात कायम मूग.

इतिवृत्तांत काय आहे? तर सर्वानुमते. बाजार कुठल्या वारी बंद ठेवायचा, सर्वानुमते. हातगाड्या कुठे लावायच्या, सर्वानुमते. पंचाहत्तर वर्षांत एकदासुद्धा कुणाचं कुणाशी वाजलं नाही! माझ्या माहेरी चार माणसांत भाजी कुठली करायची यावरून दोन दिवस अबोला असायचा.

अर्थात त्यामागे मंडळाची रीत आहे, आणि मला तिचा अभिमान आहे. ठराव वाचून झाला की अध्यक्ष म्हणतात, "गॅलरीत चहा आलाय." ज्याला ठराव पटलेला नसतो तो उठतो, बाहेर जाऊन चहा घेतो. आत बसलेल्यांचं एकमत होतं. मग बाहेरचे कप ठेवून आत येतात आणि पुढचा विषय. कुणाचा पाणउतारा नाही, कुणी तोंड फिरवून जात नाही. मीसुद्धा दोनतीनदा बाहेर गेलेय. चहा बरा असतो.

पुस्तकात ह्यावर एक प्रकरण करणार आहे.

२१ जानेवारी

आज गल्लीत दोन माणसं टेप लावून मोजत होती. आधी गाळ्यांची रुंदी, मग खोली, मग एकजण शिडीवर चढला.

सभागृहाच्या मागची गाळ्यांची ओळ मंडळाचीच आहे. तिसरा गाळा आमचा. जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण, प्रत्येक खणावरच्या कापडी पट्टीला आतलं बटण नमुन्याला शिवलेलं. सासूबाईंनी शिवलेलीसुद्धा अजून आहेत. आंधळी झाले तरी मला नुसत्या बोटांनी माल काढता येईल. ह्या गाळ्यावर सासऱ्यांनी घर चालवलं, ह्यांनी चालवलं, हे गेल्यावर मी चालवलं. तो गेला तर माझ्याकडे दुसरं काय आहे? हे मी कधी मोठ्यानं बोलत नाही, इथे लिहिते.

भाऊजींना विचारलं. म्हणाले, "गटाराचं काम आहे हो वहिनी. तुम्ही लिहा निवांत."

सुनेला तेच सांगितलं. तर म्हणते, "गटाराला छताची उंची कशाला लागते?"

हिच्या नाकावर कायम राग. मी म्हटलं, "तू आलीस काल. भाऊजींना मी चाळीस वर्षं ओळखते." तिनं चेनचा खोका उगाच दोनदा पुसला.

४ फेब्रुवारी

कार्यकारिणीची सभा. भाऊजींनी मुद्दाम बोलावलं. म्हणाले, "इतिहासकारानं सगळं डोळ्यांनी पाहावं." मला मागे एक वेगळी खुर्ची ठेवली होती, गादीवाली. सगळे वळून वळून नमस्कार करत होते. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

विषय चालू होते आणि मी सभागृहाचं वर्णन टिपून घेत होते: खिडक्या, पंखे, भिंतीवर सासऱ्यांनी रंगवून घेतलेला नियम. 'मंडळाची वास्तू व गाळे यांविषयी कोणताही निर्णय सर्वसाधारण सभेत सर्वानुमतेच होईल.' अक्षरं अजून कशी टवटवीत आहेत. मध्येच गॅलरीत चहा आला. आमच्या शेजारचा चप्पलवाला उठून गेला, जाताना माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मला वाटलं, चहाला बोलावतोय. मी हातानेच नको म्हटलं. आता मी कार्यकारिणीत नाही, मला उठायचं काय कारण?

६ फेब्रुवारी

आज अक्षर वाईट येईल.

सकाळी चप्पलवाला दुकानात शिरला. "वहिनी, तुम्ही बसून राहिलात? मी खुणावतोय, खुणावतोय, आणि तुम्ही मला हात हलवता?"

परवाचा तो विषय गाळ्यांचा होता. ओळ पाडायची, सभागृह पाडायचं, तिथे चार मजली संकुल बांधायचं. तोवर दुकानदारांनी गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये बसायचं. इतिवृत्तात लिहिलंय, 'गाळेधारकांच्या उपस्थितीत सर्वानुमते शिफारस.' उपस्थितीत म्हणजे माझ्या! सभेला हजर गाळेवाले आम्ही दोघंच. तो बाहेर गेला, आणि मी गादीवर बसून पंख्यांचं वर्णन लिहीत होते.

तशीच रंगाच्या दुकानात गेले. म्हटलं, "भाऊजी, हे काय?"

ते हसले. "अहो वहिनी, तुम्ही तर बसूनच होतात. मला वाटलं, पटलंय तुम्हाला. मला बरं वाटलं उलट."

"मी कार्यकारिणीत नाही! मी कशाला उठू?"

"तेच तर. तुम्हाला कुणी बसा म्हटलं नव्हतं, उठा म्हटलं नव्हतं. रीत तुम्हाला माहीत आहे." मग माझ्यापुढे नकाशा पसरला. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या मागे, बोटाएवढा चौकोन दाखवला. हा म्हणे माझा. बटण घ्यायला तिसरा मजला कोण चढणार? तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला एवढा मोठा निळा पट्टा होता. तो कुणाचा विचारलं, तर म्हणाले, "ते अजून ठरायचंय."

मुलगा मागे रंगाचे डबे मोजत होता. त्यानं मान वर केली नाही.

घरी आल्यावर सुनेला सगळं सांगितलं. वाटलं होतं, आता ही ऐकवणार. तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, "आई, सर्वसाधारण सभा अजून व्हायचीय ना?" एवढंच. मी आपली चिडून बसले की ही टोमणा का मारत नाही.

१२ फेब्रुवारी

घड्याळवाल्या आजोबांकडे गेले. मंडळाच्या पहिल्या पिढीतले तेवढेच उरलेत. कान गेलेत, डोकं शाबूत. इतिहासाच्या निमित्तानं गेले, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे घरी बसवत नव्हतं.

चहाची रीत कशी सुरू झाली, विचारलं. म्हणाले, "तुझ्या सासऱ्याची आणि धान्यवाल्याची जुंपली होती. अगदी गचांडी धरायच्या बेतात. कुणीतरी धान्यवाल्याला म्हणालं, चल, चहा घे. तो बाहेर गेला तेवढ्यात ठराव झाला. सगळ्यांना सोय कळली. त्यानंतर कोण भांडतंय?"

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझा नवरा तर कायम गॅलरीत."

मी म्हटलं, "कोण? आमचे हे? अहो, ते सगळ्याला हो म्हणायचे."

"हो म्हणायचा? प्रत्येक वेळी बाहेर माझ्या शेजारी उभा असायचा. कप हातात. प्यायचा नाही. गार झाला की कुंडीत ओतायचा."

 मागचं अंगण विकलं तेव्हाची गोष्ट मला स्वच्छ आठवते. तिथे छपराखाली शिंपी बसायचे, आमचं निम्मं गिऱ्हाईक तेच. अंगण गेलं, शिंपी पांगले. मी ह्यांना म्हटलं होतं, "तुम्ही तिथे होतात ना? तोंड नव्हतं तुम्हाला?" तर म्हणाले, "सर्वानुमते झालं." मी किती महिने ते वाक्य त्यांना वेडावून दाखवत होते! भाजीला मीठ कमी पडलं तरी म्हणायची, सर्वानुमते कमी पडलं.

त्यांनी एकदाही सांगितलं नाही की मी बाहेर उभा होतो. का नाही सांगितलं? सांगायला लाज वाटली असेल का? बाहेर उभा राहिलो हाच माझा विरोध, हे घरी तरी कुठल्या तोंडानं सांगायचं?

घरी येताना दोनदा रस्ता चुकले. ह्याच गावात.

१३ फेब्रुवारी

काही लिहवत नाही. मोत्याच्या बटणांचा खण उपडा केला आणि पुन्हा भरला. सून म्हणाली, "त्यात काय शोधताय?" म्हटलं, "काही नाही."

२० फेब्रुवारी

मुलाशी वाजलं. तो म्हणतो, "आई, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. नवीन इमारत, लिफ्ट असेल."

मी म्हटलं, "लिफ्टनं वर जाऊन लोक एक डझन हूक घेतील?"

"तू सगळ्याला नाट लावतेस. सगळा बाजार तयार आहे. तू आडवी आलीस तर मी त्या दुकानात तोंड कसं दाखवू? माझा विचार करशील की नाही?"

त्याचं बरोबर आहे. आता घर त्याच्या नोकरीवर चालतं, माझ्या बटणांवर नाही. तो बोलताना टेबलाची कड नखानं खरवडत होता, लहानपणी प्रगतिपुस्तक लपवलं की करायचा तसं. मला एकदम त्याची दया आली आणि त्याच वेळी दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं.

सून मध्ये पडली नाही. नंतर भांडी लावताना मला म्हणाली, "बाहेर गेलात तरी सर्वानुमते. बसून राहिलात तरी सर्वानुमते. मग नाही म्हणायचं कुठून?"

मी रीतीचं एवढं मोठं प्रकरण लिहिलं, सहा पानं झाली, आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. मी तिला म्हटलं, "तू ये माझ्याबरोबर सभेला." तिनं मान डोलावली. मी उगाचच हिच्यावर डाफरत असते. हे तिला कधीतरी सांगायला हवं, पण जीभ वळत नाही.

१ मार्च

जे झालं ते क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

सभागृह भरलेलं. भाऊजींनी सगळ्यांना गुळगुळीत कागदाच्या फायली वाटल्या होत्या. वाटायचं काम मुलाकडे. गेल्या वर्षी भाऊजींनीच त्याला सभासद करून घेतलंय. माझ्या हातात फाईल देताना तो म्हणाला, "आई, प्लीज." मी आणि सून मागे बसलो. सून सभासद नाही, ती नुसती माझ्यासोबत.

ठराव वाचून झाला. भाऊजी गोड आवाजात म्हणाले, "गॅलरीत चहा आलाय. ज्यांना पाय मोकळे करायचेत त्यांनी करावेत."

चप्पलवाला उठला. गाळ्यांच्या ओळीतले बाकीचेही उठायला लागले, खाली मान घालून, एकामागून एक. माझेसुद्धा गुडघे उठायला निघाले होते, सवयच तशी.  उठले, पण दाराकडे वळले नाही.

म्हटलं, "माझा विरोध आहे. आणि मी बाहेर जाणार नाही."

पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. चिटणिसांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. "हे... हे कसं लिहायचं?" त्यांनी अध्यक्षांना विचारलं.

"काही लिहू नका," भाऊजी म्हणाले. "वहिनी, नंतर बोलू आपण."

"आत्ता बोलू. भिंतीवर लिहिलंय, गाळ्यांचा निर्णय सर्वानुमते. मी आत आहे आणि मी नाही म्हणतेय. मग कुठलं सर्वानुमते?"

"तुम्ही त्या दिवशी बसून होतात."

"बसले होते! माझी अक्कल त्या गादीत रुतली होती! आज उभी आहे, बघा!"

कुणीतरी हसलं. भाऊजींचा चेहरा लाल झाला, पण ते कसलेले आहेत. सगळ्यांकडे बघून म्हणाले, "वहिनींची तब्येत जरा बरी दिसत नाही. चला, आपण सगळेच चहा घेऊ. त्यांचं डोकं शांत होऊ द्या." आणि स्वतःच उठून निघाले. अध्यक्ष उठले म्हटल्यावर सगळेच उठले. खुर्च्यांचा एकच आवाज. माझ्याकडे कुणी बघेना. ह्या माणसांच्या मुलींच्या लग्नाच्या ब्लाऊजची बटणं मी निवडून दिली आहेत. मला रडायला येत होतं. सुनेनं माझा पदर घट्ट धरला होता, ती तरी का रडत होती कोण जाणे.

सभागृह रिकामं झालं. टेबलापाशी चिटणीस, कारण दप्तर सोडून त्यांना हलता येत नाही. आणि चौथ्या रांगेत एकजण. फायलींचा गठ्ठा मांडीवर घेऊन माझा मुलगा बसला होता. बुटांकडे बघत. तो उठला नव्हता.

चिटणीस माझ्याकडे बघत राहिले, मग दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. चाळीस वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून आधी कळेना काय होतंय ते.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "सभा तहकूब केली असं काही अध्यक्ष म्हणाले नाहीत."

"म्हणजे चालू आहे?"

"चालूच म्हणायची."

"आणि बाहेर गेलेले?"

"आजवर कधी धरलेले नाहीत."

मग माझ्या लक्षात आलं. आत सभासद म्हणून आम्ही तिघंच होतो. म्हटलं, "लिहा मग. ठराव फेटाळला."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. "तुमचं काय?"

त्यानं मांडीवरच्या फायली सारख्या केल्या. बाहेरून हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "आईचं तेच माझं."

"माझंही," चिटणीस म्हणाले, आणि लिहायला लागले. "ठराव... फेटाळण्यात... आला. सर्वानुमते." शेवटचा शब्द लिहिताना म्हणाले, "हात सवयीचा आहे," आणि झोकात सही ठोकली.

भाऊजी आत आले तेव्हा शाई वाळली होती. काय आरडाओरडा! हा पोरखेळ आहे, हे बेकायदेशीर आहे. चिटणिसांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "हे बेकायदेशीर असेल तर मागची पंचाहत्तर वर्षं बेकायदेशीर. अंगण विकलेलंही. उघडू या का सगळं?"

भाऊजी खुर्चीत बसले. गॅलरीच्या दारात चप्पलवाला कप घेऊन उभा होता. त्याचा चहा बशीत सांडत होता आणि त्याला पत्ता नव्हता.

४ मार्च

इतिहासाचं काम माझ्याकडून काढून घेतलंय. पुस्तक आता शहरातला कोणीतरी लिहिणार. लिहू दे. मी माझं लिहिणारच आहे, गॅलरीचं.

पण जिंकल्यासारखं वाटत नाही. तीन दुकानदार समोरून गेले, बघितलं नाही. भाऊजी गप्प बसणार नाहीत, पुढच्या सभेला ठराव पुन्हा आणतील आणि आता कुणी चहाला जाणार नाही. मग नुसती हातघाई. येऊ दे. मला धड बसवत नाही, धड झोप लागत नाही, जेवण अंगी लागत नाही.

आणि मुलाला भाऊजींनी उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलंय.

९ मार्च

मुलगा दुकानात बसायला लागला. बसतो कसला, नुसता अडचण करतो. शर्टाच्या बटणाला कोटाचं म्हणतो, लेस वारानं मोजायला सांगितली तर तीनदा पुन्हा मोजतो. सून त्याला शिकवते आणि हसू दाबते. मला हसू येत नाही. त्याची चांगली चालू नोकरी माझ्यापायी गेली. तो तोंडानं काही म्हणत नाही, त्यामुळे जास्तच जिवाला लागतं.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. सून बँकेत गेली होती. शेवटी मीच विचारलं, "तू मला आडवी येऊ नको म्हणालास. मग तू का नाही उठलास त्या दिवशी?"

तो शिडीवर होता, वरचा खण लावत. खाली न बघता म्हणाला, "उठणारच होतो गं. फायली गोळा केल्या होत्या. सगळे दाराकडे गेले, आणि मधली माणसं हटली, तेव्हा तू एकटी दिसलीस."

 शिडी डगमगत होती, ती धरून उभी राहिले.